मिरजेस गाडी बदलणे

बेळगावाहून पुण्याकडे निघालेली गाडी मिरजेस थांबते, तेव्हा हल्ली डब्यातले फारसे कोणी हालत नाही. एखादा तरुण पाण्याची बाटली घेण्यास उतरतो, कोणी चहावाल्यास खिडकीशी बोलावतो, बाकीची मंडळी कूस बदलून पुन्हा झोपी जातात. आम्हांला मात्र अजूनही मिरज आले की झोप लागत नाही. हात आपोआप बाकाखालच्या सामानाकडे जातो. बायकोमुले हसतात, त्यांचे हसणे योग्यच आहे. ज्या पिढीला मिरजेस उतरावे लागत होते, त्या पिढीची ही खोड आहे, आणि ती पिढी आता झपाट्याने कमी होत चालली आहे. म्हणून मिरजेच्या स्थानकाविषयी जे आम्हांला ठाऊक आहे व जे आमच्यावर गुदरले, ते एकदा लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मिरज हे पटवर्धनांच्या संस्थानाचे गाव. परंतु तेथील स्थानक मिरजकरांपुरते कधीच नव्हते. ते कोल्हापूरकरांचे होते, सांगलीकरांचे होते, पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्यांचे होते आणि आम्हां बेळगाव-गोमंतकाकडील लोकांचे तर होतेच होते. गावाच्या मालकीची विहीर असावी आणि तिच्यावर चहूकडच्या वाड्यांनी आपापले पोहरे घेऊन यावे, तसा तो प्रकार होता. फरक इतकाच, की विहिरीवर पोहऱ्याच्या आकाराने अडचण होत नाही. येथे प्रत्येकाचे रूळ निराळ्या मापाचे होते, आणि सारी कथा त्या मापांतूनच निघाली.

रुळांची मापे अशी तीन कशी झाली, हे थोडक्यात सांगावयास हवे. हिंदुस्थानात आगगाडी आली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवर. तिला आपण ब्रॉडगेज म्हणतो. पुढे सरकारास हा थाट परवडेना. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत असा निर्णय झाला, की ज्या प्रदेशात मोठी वाहतूक होण्याचा संभव नाही तेथे एक मीटर रुंदीचे रूळ घालावे. खर्चात काटकसर होईल. त्यानंतर काही वर्षांतच, १८७६ ते १८७८ या काळात, दख्खन आणि कर्नाटक यांवर भयंकर दुष्काळ कोसळला. एका मुलखात धान्य आहे, दुसऱ्या मुलखात माणसे अन्नावाचून मरत आहेत, आणि मधल्या वाटेने बैलगाड्या हाकाव्यात तर बैलांनाच वैरण नाही, असे विपरीत दृश्य लोकांनी पाहिले. दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून ज्या लोहमार्गांची आखणी झाली, त्यांत १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीचे मार्ग प्रमुख होते. पुण्याहून साताऱ्याच्या मुलखातून मिरज, बेळगाव, लोंढा असा जाणारा मीटरगेज मार्ग १८९० पर्यंत पुरा झाला. लोंढ्यापलीकडे कॅसलरॉकची सीमा, सीमेपलीकडे पोर्तुगीज राज्य, आणि घाट उतरून मुरगावचे बंदर. तो गोमंतकातील मार्ग १८८७-८८ मध्येच चालू झालेला होता. म्हणजे आमच्या मुलखातली आगगाडी ही उपाशी माणसापर्यंत धान्य पोहोचविण्यासाठी आलेली गाडी. स्वस्तात घातलेली, म्हणून अरुंद. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांला शेवटी परत यावयाचे आहे.

मिरजेस पहिला फाटा फुटला तो कोल्हापूरचा. कोल्हापूर संस्थानाने आपल्या खर्चाने मिरजेपर्यंत मार्ग बांधून घेतला आणि १८९१ साली तो वाहतुकीस खुला झाला. पंचगंगेच्या खोऱ्यातील गूळ त्या मार्गाने बाहेर पडू लागला. पाठोपाठ सांगली संस्थानाचा लहानसा फाटा आला. हळदीच्या पेठेस तो हवाच होता. हे सर्व मीटरगेजच असल्यामुळे डबे एकमेकांच्या रुळांवर सुखाने जात येत. मालकी निरनिराळ्या संस्थानांची, गाड्या चालविणारी कंपनी एक. १९०८ मध्ये ती कंपनी मद्रासच्या कंपनीत मिसळून तिचे नाव ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ असे झाले. आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक स्वातंत्र्यानंतरही तिला ‘एमेसेम’ म्हणत; सरकारने नावे किती बदलली याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते.

खरा निराळा सोयरा आला तो १९२७ साली, पूर्वेकडून. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नावाच्या एका इंग्रज स्थापत्यविशारदाची अशी श्रद्धा होती, की गरीब मुलखाला छोटीच आगगाडी शोभते. अडीच फुटांचे रूळ घातले, प्रत्येक आसावरचा भार पाच टनांच्या आत ठेवला, तर हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. त्याने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी असा मार्ग काढून आपले म्हणणे खरे करून दाखविले. ही ‘बार्शी लाईट’ १९०६ साली पंढरपुरास आणि १९११ साली लातुरास पोहोचली. आणि १९२७ साली सांगोला, जत रोड, कवठेमहांकाळ, आरग अशी मजल दरमजल करीत मिरजेस येऊन टेकली. ती लंडनमध्ये नोंदलेली खाजगी कंपनी होती आणि १९५४ साली सरकारने ताब्यात घेईपर्यंत खाजगीच राहिली. बडोद्याच्या वाचकांना डभोईच्या गाडीची, ग्वाल्हेरच्या वाचकांना शिंदे सरकारांच्या दोन फुटी गाडीची आठवण येथे सहजच होईल. तशीच ती, पण तिचे भाग्य थोर, कारण तिच्या वाटेवर पंढरी होती.

या दिवसापासून मिरजेस दोन आगगाड्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या आणि एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाईना. गुळाची ढेप असो, शेंगांचे पोते असो, की पंढरीला निघालेली म्हातारी असो, प्रत्येकाने येथे एका गाडीतून निघून दुसरीत शिरले पाहिजे. माल उतरविणे आणि भरणे हाच एक धंदा झाला. लहान वाघीण आणि मोठी वाघीण शेजारी शेजारी उभ्या करावयाच्या आणि मधल्या फळीवरून हमालांनी पाठीवर पोती घेऊन ये-जा करावयाची. कलकत्त्यास आणि लंडनला ज्यांनी खर्चाचे हिशेब मांडले, त्यांच्या कागदावर या पाठी कोठेच नव्हत्या. मार्ग स्वस्तात झाला, ही गोष्ट खरी. राहिलेली रक्कम कोणी भरली, ते पाहावयाचे असेल तर मिरजेच्या माल धक्क्यावर जावयास हवे होते.

तथापि या अडकून पडण्याने गावाला काहीच दिले नाही असे म्हणता येणार नाही. १८९४ साली डॉ. वॉन्लेस या मिशनरी शल्यविशारदांनी मिरजेस रुग्णालय काढले आणि पाहता पाहता त्याची ख्याती कर्नाटकात, गोमंतकात, निजामाच्या मुलखात पसरली. ती पसरण्यास शस्त्रक्रियेतील कौशल्य कारण होते यात संशय नाही. पण रोग्यास बाजेवर घालून आणणाऱ्या माणसांना चारी दिशांनी आगगाडी मिळत होती, हेही तितकेच खरे. आमच्या लहानपणी बेळगावात ‘त्याला मिरजेला नेलं’ असे कोणी म्हटले की पुढे काही विचारावे लागत नसे. ऐकणारा आवाज खाली आणून एवढेच विचारी, ‘कधी?’

आणि गाणे! या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी शिष्य तयार केले. त्यांच्यापैकी विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ साली मिरज सोडून निघाले ते बडोदे, ग्वाल्हेर करीत थेट लाहोरास गेले, आणि १९०१ साली तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ उत्तरेतील किराण्याहून आले आणि मिरजेचे होऊन राहिले. खाँसाहेबांचे सारे आयुष्य मैफलींसाठी प्रवास करण्यात गेले, आणि १९३७ साली पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळकोइल नावाच्या एका लहान स्थानकावर, फलाटावरच, त्यांनी देह ठेवला. तेथून त्यांना मिरजेस आणले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत. गावातील शिकलगारांनी शस्त्रांना धार लावण्याचे काम सोडून तंबोरे आणि सतारी घडविण्यास प्रारंभ केला होता, तो आगगाडीच्याही आधी. त्या वाद्यांना लागणारे भोपळे पंढरपुराकडे भीमेच्या काठी पिकतात. मोठमोठाले पोकळ भोपळे दोरीत ओवून, जपून, जणू तान्हे मूल, असे घेऊन जाणारा मनुष्य मिरजेच्या वाटेवर आम्ही स्वतः पाहिलेला आहे.

हे सर्व खरे असले तरी आमच्या मनात मिरज ज्या कारणाने रुतून बसली आहे, ते कारण निराळे आहे.

१९७१ च्या सुमारास पुणे ते मिरज आणि मिरज ते कोल्हापूर हा मार्ग रुंद झाला. कोल्हापुराहून मुंबईस थेट गाडी जाऊ लागली. त्या वर्षीच्या आनंदाच्या गोष्टी कोल्हापूरचे वृद्ध लोक अजून सांगतात. आमच्या बेळगावात मात्र या सुधारणेचा अर्थ उलटा झाला. तोवर बेळगावास मीटरगेजच्या गाडीत बसले की पुण्यास उतरावयाचे. मुंबईस जाणाऱ्याला गाडी बदलावी लागे, पण ती पुण्यास. आता तो बदल पावणेतीनशे किलोमीटर दक्षिणेस सरकून मिरजेस आला. रुंद रूळ मिरजेपर्यंत आले आणि तेथे थांबले ते सुमारे पाव शतक थांबले. एकाच स्थानकात तिन्ही मापांच्या गाड्या उभ्या असलेल्या पाहावयास मिळतात म्हणून रेल्वेचे शौकीन लांबून येत, छायाचित्रे घेत. त्यांना जे कौतुक वाटे, त्याचा पुढचा भाग आम्ही ट्रंका डोक्यावर घेऊन जिना चढत असताना भोगीत होतो. राज्यपुनर्रचनेनंतर बेळगावकरांच्या मनात सीमेचा सल होताच. शेडबाळच्या अलीकडे राज्य बदलते, पाट्यांवरची लिपी बदलते, आणि आता रूळही बदलले, अशी कडवट थट्टा आमच्या गल्लीत चाले. रूळ थांबण्याचे कारण सीमा हे नव्हते; पण ज्याचे दुखते त्याला सगळीकडेच तोच बोट लावतो आहे असे वाटते.

१९७७ सालच्या आषाढातली गोष्ट. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. आमच्या आईचे माहेर पुण्याचे. थोरली मावशी मडगावास दिलेली, आई बेळगावास. पुण्याहून मामांची तार आली, की आजोबांचे काही खरे नाही, दोघींनी ताबडतोब निघून यावे. तशीच तार मडगावास गेली होती. मावशी गोव्याकडच्या गाडीने निघाली. त्याच गाडीत बेळगावास आई बसावयाची, असा बेत. वडिलांना रजा नव्हती. घरातला पुरुष म्हणून आम्ही बरोबर.

त्या दिवसांत पाऊस धरून लागला होता. दूधसागरच्या घाटात दरड आली होती. ती बाजूला करून गाडी निघाली, तेव्हा चार तास उशीर झालेला होता. कोणाचा दोष म्हणावा? तो घाट पावसाळ्यात तसाच वागतो. बेळगावच्या स्थानकावर आम्ही दुपारपासून बसलो होतो. गाडी आली तेव्हा मावशी दारातच उभी होती. दोघी बहिणी एकमेकींकडे पाहून काहीच बोलल्या नाहीत. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, रायबाग, कुडची अशी स्थानके अंधारात एकेक मागे पडत गेली. उगारच्या अलीकडे कृष्णेवरच्या पुलावरून गाडी अगदी सावकाश निघाली. खाली पाण्याचा केवढा मोठा घोष चालला होता! आई सारखी आमच्या मनगटावरचे घड्याळ पाहावयास मागत होती. ते वडिलांनी निघताना आमच्या हातात बांधले होते.

मिरजेस पोहोचलो तेव्हा पलीकडच्या फलाटावरील पुण्याची गाडी जाऊन पाऊण तास झाला होता. पुढची सकाळी.

मावशीला मडगावात जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती; तिच्या बोलण्यात मराठी आणि कोंकणी यांची सरमिसळ होऊन गेली होती. ती ट्रंकेवर बसली आणि एवढेच म्हणाली, ‘‘आतां कितें करप?’’ आईने उत्तर दिले नाही. हमालाने आमचे सामान जिन्यावरून अगोदरच पलीकडे नेऊन ठेवले होते. गाडी गेली म्हणून त्याने ते आपण होऊन आडोशाला, पाऊस लागणार नाही अशा जागी हलविले. सकाळी तो पुन्हा आला आणि सामान डब्यात चढवून त्याने ठरलेल्यापैकी निम्मेच पैसे घेतले. कारण आम्ही कोणी त्याला सांगितले नव्हते. मिरजेच्या हमालास प्रवाशाचा चेहरा वाचता येत असावा; इतके रोगी आणि त्यांची इतकी माणसे त्या फलाटावरून गेली आहेत.

प्रतीक्षालय भरलेले होते. आषाढी होऊन काही दिवस लोटले होते आणि परतीचे वारकरी बार्शी लाईटने येऊन पहाटेच्या मीटरगेजची वाट पाहात फलाटभर पसरले होते. भिजलेली पताका काठीला गुंडाळून कोणी उशाला घेतली होती. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई होती, शेडबाळच्या बाजूची. तिचे मराठी कानडीच्या वळणाचे होते. आमची आई रडत होती हे तिने पाहिले असावे. ती जवळ सरकली आणि विचारले, ‘‘कोण गेलं, बाई?’’ आई म्हणाली, ‘‘अजून नाही.’’ तेव्हा त्या बाईने पिशवीतून कागदाची पुडी काढली, आईच्या आणि मावशीच्या कपाळाला बुक्का लावला, आणि चुरमुऱ्या-बत्ताशांचा प्रसाद दोघींच्या हातांवर ठेवला. ‘‘तुमच्या बाबास्नी द्या,’’ म्हणाली. आईने तो पदराच्या टोकाला बांधून घेतला. नंतर तिघी बराच वेळ बोलत होत्या. एक पुण्याचे मराठी, एक मडगावचे कोंकणी, एक शेडबाळचे असे ते बोलणे ऐकता ऐकता आम्हांला केव्हा झोप लागली ते कळले नाही. जाग आली तेव्हा ती बाई गेलेली होती; तिची गाडी आमच्या आधी सुटली.

आम्ही पुण्यास पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. आजोबा पहाटे गेले होते. लोक आमच्यासाठी थांबले होते, त्यामुळे दोघींना मुखदर्शन झाले. आईच्या पदराची गाठ तशीच होती. संध्याकाळी मामींनी ती सोडली.

ब्रॉडगेज आल्यापासून जुन्या लहान गाड्यांविषयी फार गोड गोड लिहिले जाते. वाफेच्या इंजिनाची शिटी, कोळशाचा वास, आरगच्या माळावरून जाणारी आणि चालत्या माणसालाही पकडता येणारी पंढरीची गाडी. ही शब्दचित्रे आम्हीही आवडीने वाचतो. त्या गाडीतून आम्ही एकदा सांगोल्यापर्यंत गेलो आहोत. तो डबा, ती लाकडी बाके आणि खिडकीतून हात बाहेर काढला तर बाभळीला लागेल अशी ती वाट, यांचा विसर पडणार नाही. पण या आठवणी गोड लागतात त्या निकड नसलेल्या प्रवाशाला. ज्याला पोहोचावयाचे होते, त्याला विचारले पाहिजे. आमच्या आईला कोणी विचारले असते तर तिने रुळांच्या मापांविषयी काय सांगितले असते, ते आम्हांला पक्के ठाऊक आहे. १९७१ पूर्वीच्या एकसंध मीटरगेजवर ती गाडी चार तास उशिरा का होईना, पण त्याच रात्री पुण्याकडे चालती राहिली असती. अर्धीच झालेली सुधारणा न झालेल्या सुधारणेपेक्षा जाचक ठरू शकते, हे आम्ही बाराव्या वर्षी शिकलो आणि पुढे नोकरीत पुष्कळ वेळा पडताळून पाहिले.

आणि तरीही ती रात्र मिरजेवाचून घडली नसती, हेही मनातून जात नाही. शेडबाळची ती बाई आमच्या आईला दुसरीकडे कोठे भेटणार होती? ही दोन्ही वाक्ये आमच्या मनात शेजारी शेजारी उभी आहेत, मिरजेस तीन गाड्या उभ्या असत तशी, आणि एकीतून दुसरीत जावयास वाट नाही.

नव्वदच्या दशकात मिरजेच्या दक्षिणेकडील रूळ रुंद झाले. लोंढ्यापर्यंत आणि पुढे घाट उतरून वास्कोपर्यंत. १९९८ साली कोंकण रेल्वे खुली झाली आणि गोव्याची बरीचशी माणसे मुंबईस जाण्यासाठी मिरजेची वाटच विसरली. पूर्वेकडील बार्शी लाईटचे रूळ सर्वांत शेवटी, नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आगेमागे, टप्प्याटप्प्याने उखडून रुंद करण्यात आले. आता मिरजेस एकच माप आहे. स्थानक सामाईक आहे ते आता कचेऱ्यांच्या दृष्टीने: स्थानक मध्य रेल्वेच्या पुणे विभागाचे, दक्षिणेकडे निघालेला मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाचा. प्रवाशाला ही सरहद्द जाणवत नाही, आणि न जाणवणे हेच बरे.

रूळ रुंद झाल्यावर पहिल्यांदा जेव्हा आई आणि मावशी बेळगावाहून थेट पुण्याच्या गाडीत बसल्या, तेव्हाही आम्ही बरोबर होतो. मिरज आले तशा दोघी उठल्या आणि पिशव्या गोळा करू लागल्या. आम्ही म्हटले, आता उतरावे लागत नाही. मावशीला ते पटेना. ती दारापर्यंत गेली, फलाटावर उतरली, डावीकडे-उजवीकडे पाहिले, आणि गाडीने शिटी दिली तशी धावत येऊन चढली. तिचा स्वभाव विनोदी. पण त्या वेळी ती काही बोलली नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराचे पाणी आटले. नळ कोरडे, टाक्या कोरड्या, पाण्याच्या जागी गर्दी नको म्हणून जमावबंदीचा हुकूम, अशा बातम्या रोज येत होत्या. तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने लातुरास पाठविण्याचे ठरले. कोटा येथील कारखान्यात टाकीच्या वाघिणी धुऊन काढून मिरजेस आणल्या. ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली: दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, मिळून पाच लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांची वाट तोडून ती दुसऱ्या दिवशी पहाटे लातुरास पोहोचली. पुढे ५० वाघिणींच्या, २५ लाख लिटर पाण्याच्या गाड्याही गेल्या. वाट कोणती? मिरज, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. कॅल्थ्रॉपच्या अडीच फुटी गाडीची, तीच. रूळ तेवढे रुंद झालेले.

त्या एप्रिलच्या अखेरीस आम्ही आईला घेऊन पुण्यास चाललो होतो. तिचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. मावशी जाऊन काही वर्षे झाली होती. मिरजेस गाडी उभी राहिली. पलीकडे यार्डात टाकीच्या वाघिणींची लांबच लांब ओळ उभी होती; त्यांच्यावर माणसे चढलेली, नळ्या सोडलेल्या, पाणी भरणे चाललेले. आईने चष्मा पुसून पाहिले आणि विचारले, ‘‘काय भरताहेत?’’

‘‘पाणी. लातूरला चाललंय.’’

‘‘पंढरपूरवरून?’’

‘‘हो.’’

ती थोडा वेळ पाहात राहिली. मग म्हणाली, ‘‘वाटेत कुठं बदलावं लागतं का?’’

आम्ही सांगितले, ‘‘नाही. हीच गाडी थेट जाते.’’

तिने मान डोलावली, पदर सावरला, आणि गाडी हालेपर्यंत खिडकीतून त्या वाघिणींकडे पाहात बसली.